तक्रार पत्र: ‘न्यू रिलीज’ म्हणून पाठवलेल्या भय-कॉमिक्सबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन कॉमिक्स विक्री विभाग

विषय: चुकीची छपाई, अपुरी माहिती आणि सदोष पॅकिंग याबद्दल बदली व परतावा मिळणेबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरच्या ‘न्यू रिलीज, हॉरर आणि सुपरनॅचरल’ या विभागातून आम्ही गिरगावातले काही वाचक एकत्र ऑर्डर देतो. कुरिअरचा खर्च विभागला जातो आणि अंक आळीपाळीने वाचता येतात. या पावसाळ्यात आलेल्या मालात भलत्याच छपाईचे अंक, भलतंच मुखपृष्ठ, दुबार निघालेले संग्रह, ओल लागलेली पानं आणि फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) चुकलेलं एक पुस्तक निघालं. कस्टमर केअरकडून उत्तरं आली, पण ती लिहिणाऱ्याने माल हातात घेऊन पाहिला असेल असं वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी छपाईचं. अमेरिकन कॉमिकच्या मोठ्या बारकोडशेजारी पाच आकड्यांचा एक छोटा बारकोड असतो. त्यातले पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक सांगतात, चौथा मुखपृष्ठ कोणतं ते आणि पाचवा छपाई कितवी ते. ००१११ म्हणजे पहिला अंक, मुख्य मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००११२ असेल तर दुसरी छपाई. आपल्या पानावर पहिल्या छपाईचं चित्र होतं, किंमतही ‘फर्स्ट प्रिंट’ म्हणून चढवलेली होती. हातात आलेल्या दोन अंकांवर शेवटचा आकडा २ आहे. छोटे प्रकाशक भयकथेचा पहिला अंक बेताचाच छापतात, तो संपला की दुसरी छपाई काढतात आणि बऱ्याचदा मुखपृष्ठाचा रंग किंवा चित्र बदलतात. तेव्हा गोदामात दोन्ही गठ्ठे शेजारी असणार, हे समजू शकतं. दुसरी छपाई वाचायला काही कमी नसते. ती दुसरी म्हणून, दुसरीच्या भावात विका.

याच ऑर्डरमध्ये ‘१:२५’ मुखपृष्ठाचे पैसे घेतले होते. दुकानदाराने नेहमीचे २५ अंक उचलले की त्याला असा एक अंक मागवता येतो, म्हणून त्याची किंमत जास्त. आला मात्र सरसकट मिळणारा ‘बी’ मुखपृष्ठाचा अंक. चौथा आकडा पाहा. त्यावर आपण अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितलात. व्हिडिओत खोकं फोडणारे हात दिसतात, पाच आकडे दिसत नाहीत. बारकोडचे फोटो सोबत जोडले आहेत.

संग्रहांच्या बाबतीत तर वर्णनाच्या जागी ‘नवी आवृत्ती’ एवढंच लिहून आपण मोकळे होता. ‘समथिंग इज किलिंग द चिल्ड्रन’च्या पहिल्या डीलक्स पुस्तकात अंक १ ते १५ आहेत, म्हणजेच पेपरबॅकचे पहिले तीन खंड. ‘द नाइस हाउस ऑन द लेक’ची कथा १२ अंकांची, दोन खंडांत सहा-सहा, डीलक्समध्ये सगळे बारा. ‘यात अंक अमुक ते तमुक’ ही एक ओळ पानावर असती तर आमच्याकडे एकच मजकूर दोनदा आला नसता. ईसी या जुन्या अमेरिकन भय-कॉमिक्स प्रकाशनाचा घोळ आणखी मोठा. ओनी प्रेसने २०२४ मध्ये ते नाव पुन्हा सुरू केलं आणि ‘एपिटाफ्स फ्रॉम द अ‍ॅबिस’मध्ये नव्या कथा दिल्या. त्याच रांगेत, त्याच ‘न्यू’च्या पट्टीखाली, आपण ईसीच्याच जुन्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चे पुनर्मुद्रित संग्रह लावले आहेत. त्या कथा १९५४ चा कॉमिक्स कोड (कॉमिक्सच्या मजकुरावर बंधनं घालणारी नियमावली) येण्याआधी सुरू झालेल्या मालिकेच्या. दोन्ही घेण्यासारखे आहेत, पण मूळ प्रकाशनाचं वर्ष लिहिल्याशिवाय घेणाऱ्याने ओळखायचं कसं? राज कॉमिक्सच्या थ्रिल हॉरर सस्पेन्समधल्या जुन्या कथांच्या नव्या आवृत्त्यांनाही हेच लागू.

प्री-ऑर्डरबद्दल आपलं उत्तर होतं, ‘डायमंड दिवाळखोरीत गेल्यामुळे माल आला नाही.’ डायमंड या अमेरिकन कॉमिक्स वितरक कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला हे खरं. पण आम्ही मागवलेलं पुस्तक डीसीचं होतं, आणि डीसीने डायमंडला २०२० मध्येच रामराम ठोकला. मार्व्हल २०२१ मध्ये वितरणासाठी पेंग्विन रँडम हाउसकडे गेलं, इमेज हे प्रकाशन २०२३ मध्ये लुनार या वितरकाकडे. निदान सबब तरी त्या प्रकाशकाला लागू पडणारी द्यावी. आमचा अंदाज वेगळा आहे. दुकानदाराने आकडा पक्का करण्याची शेवटची तारीख प्रकाशनाच्या साधारण तीन-चार आठवडे आधी असते. ती उलटल्यावरही आपल्या पानावरचं प्री-ऑर्डरचं बटण चालूच राहतं. त्यानंतर मागवलेला अंक उरलासुरला असेल तरच मिळतो, हे आपल्याला ठाऊक असणार. पैसे मात्र पूर्ण घेतले जातात.

सर्वांत जास्त नुकसान पॅकिंगने केलं. भय-कॉमिकचं मुखपृष्ठ बहुधा काळंभोर असतं, आणि कण्याजवळ अंक जरा दुमडला तरी शाई तुटून पांढऱ्या रेघा उमटतात. फिकट मुखपृष्ठावर त्या लपतात, काळ्यावर लपत नाहीत. आपण अंक नुसत्या बबलच्या पाकिटात, मागे पुठ्ठा न लावता पाठवलेत. पाकिटाचं तोंडही नीट बंद नव्हतं, आणि जुलैत मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको. चकचकीत कागदावर बारीक मातीचा लेप असतो. ओलीने तो मऊ होतो, दाबाखाली समोरच्या पानाला चिकटतो आणि वाळला की तसाच धरून बसतो. एका अंकात मधलं पूर्ण काळं जोडपान असं चिकटलं आहे. कडेने जरा उचलून पाहिलं तर चेहऱ्याचा अर्धा भाग पलीकडच्या पानावर गेला. पुढे ओढलं नाही, अंक तसाच ठेवला आहे. आणखी काही अंकांच्या पिनांभोवती तांबूस डाग आहेत. हा गंज कागदात पसरत जातो, तेव्हा ‘किरकोळ डाग, वाचण्यास अडचण नाही’ हे आपलं उत्तर आम्हाला मान्य नाही.

नीट पॅकिंग फार खर्चिक नसतं. चालू आकाराच्या अंकाला ६⅞ × १०½ इंचांची पिशवी आणि आत आम्लविरहित बोर्ड. वर-खाली कोरुगेटेड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, अंकापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठे, एकाच्या नाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कोणत्याच दिशेने वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, पिशवीच्या तोंडाला नको. अंक बाहेर काढताना तीच मुखपृष्ठाला चिकटून कागद सोलते. शेवटी सगळं पूर्ण सील केलेल्या पॉलिथिनमध्ये. सिलिका जेलची पुडी उघड्या पाकिटात टाकणं म्हणजे मनाचं समाधान.

फर्मा चुकलेल्या पुस्तकाबद्दल थोडक्यात. जपानी भयकथांच्या जाड संग्रहात एक १६ पानी फर्मा दोनदा बांधला गेला आहे आणि पुढचा गायब आहे. पान क्रमांकांसकट कळवलं, तर उत्तर आलं की मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. धन्यवाद. तसंच वाचलं, तरी ती १६ पानं सापडली नाहीत.

जाता जाता: डीसीची ‘ब्लॅक लेबल’ नावाखाली निघणारी पुस्तकं १७ वर्षांवरच्या वाचकांसाठी आहेत. आपल्याकडे ती ‘किड्स अँड कॉमिक्स’मध्ये दिसतात. ती आजच हलवा.

आमची मागणी अशी. दुसऱ्या छपाईचे दोन अंक आणि ‘बी’ मुखपृष्ठाचा अंक बदलून द्या. माल नसेल तर पूर्ण परतावा, परत पाठवण्याच्या कुरिअरखर्चासह. ओल लागलेले अंक आणि फर्मा चुकलेलं पुस्तक परत घ्या. दुबार आलेल्या संग्रहांपैकी न उघडलेल्या प्रती मूळ किमतीला स्वीकारा. न आलेल्या प्री-ऑर्डरचे पैसे ‘स्टोअर क्रेडिट’ म्हणून नव्हे, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करा. यापुढे प्रत्येक पानावर छपाई, मुखपृष्ठ, समाविष्ट अंक आणि मूळ वर्ष छापा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मुंबईतल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, त्यामुळे आपलं कार्यालय कुठल्या शहरात आहे याने फरक पडत नाही.

कळावे,
भय-कॉमिक्स वाचकगट,
गिरगाव, मुंबई

सोबत: बिलांच्या प्रती, बारकोडचे फोटो, चिकटलेल्या पानांचे व पिनांचे फोटो, चुकलेल्या फर्म्याच्या पान क्रमांकांची यादी, कस्टमर केअरशी झालेला पत्रव्यवहार