एलईडीसोबतचा रेझिस्टर

महोदय,

घरगुती उपकरणांवरील लेखांत ‘एलईडीला रेझिस्टर जोडा’ एवढेच सांगितलेले असते. विजेच्या प्रवाहाला रोध करणारा हा भाग कशासाठी आणि किती ओहमचा (ओहम हे रोधाचे एकक), हे नवशिक्याला कळत नाही, याची खंत वाटते. लाल एलईडी साधारण २ व्होल्टला उजळतो, पण त्यापुढे व्होल्टेज थोडे जरी वाढले तरी प्रवाह झपाट्याने वाढून तो जळू शकतो. म्हणून ९ व्होल्टच्या बॅटरीतले उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरने पेलायचे असतात, आणि २० मिलिअँपिअर प्रवाह धरल्यास ओहमच्या नियमाने (रोध = व्होल्टेज भागिले प्रवाह, म्हणजे ७ ÷ ०.०२) उत्तर ३५० ओहम येते. प्रमाणित मूल्यांतला त्याहून थोडा मोठा, ३९० ओहमचा रेझिस्टर (मूल्य दाखवणारे पट्टे: नारिंगी, पांढरा, तपकिरी) घेणे सुरक्षित. हा साधा भागाकार प्रत्येक आकृतीखाली छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक