अडथळा नाही, म्हणजे हृदय ठीक?

‘मधुमेह आणि हृदयविकार’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यातील सल्ला योग्यच आहे. पण सारा भर मोठ्या धमन्यांतील अडथळ्यांवर आहे, तो अपुरा वाटतो. श्रम करताना निरोगी हृदयाचा रक्तपुरवठा चार-पाच पटींपर्यंत वाढू शकतो, तो मुख्यतः सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. त्यांच्या भिंतीतील स्नायुपेशींत पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पोटॅशियमला वाट देणारी सूक्ष्म दारे, असतात. ते उघडले की पोटॅशियम पेशीबाहेर पडते, कॅल्शियमची आत येण्याची वाट बंद होते आणि स्नायू सैलावतो. साखर दीर्घकाळ चढी राहिली, तर ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंच्या अतिरेकामुळे) यांपैकी काही चॅनेलचे काम मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. मग ऐन गरजेच्या वेळी वाहिनी पुरेशी रुंदावत नाही.

अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असलेल्या या वाहिन्या नेहमीच्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. त्यामुळे ‘ब्लॉकेज नाही’ असा अहवाल आला की छातीत दुखण्याची तक्रार, विशेषतः स्त्रियांची, ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकली जाते. अशा वेळी पेट (PET) स्कॅनने, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या तपासणीने, हृदयाची रक्तप्रवाह वाढवण्याची क्षमता मोजता येते. लेखात याचा किमान उल्लेख तरी हवा होता.

– एक वाचक