क्रँक विकत घेण्याआधी ब्युरेट हातात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑफरोड गाडीचे इंजिन ‘स्ट्रोकर’ करून, म्हणजे पिस्टनची खालीवर धाव (स्ट्रोक) वाढवून घेण्याची हौस कोल्हापुरात वाढते आहे. कल्पनेत खोट नाही. लाल चिखलात किंवा जांभ्याच्या चढावर कामाला येतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क (फिरवण्याची ताकद), आणि क्रँकचा (पिस्टन खालीवर हलवणाऱ्या वाकड्या दांड्याचा) स्ट्रोक वाढवून सीसी वाढवली की नेमका तोच वाढतो. चुकतो तो क्रम. आधी क्रँक येतो, मग पिस्टनची शोधाशोध होते, आणि कॉम्प्रेशनचा (मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा) हिशोब आठवतो तो इंजिन नॉकिंग करू लागल्यावर, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके येऊ लागल्यावर.

दाखला नेहमी दिला जातो तो अमेरिकन जीपच्या ४.० लिटर, सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाचा. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९८.४ मिमी, स्ट्रोक ८६.७ मिमी. त्याच घराण्यातल्या जुन्या ४.२ लिटर इंजिनाच्या क्रँकचा स्ट्रोक ९८.९ मिमी. हा क्रँक ४.० च्या ब्लॉकमध्ये घातला आणि बोअर तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.७६ मिमी वाढवला की इंजिन सुमारे ४.६ लिटरचे होते. यातली खरी गंमत पिस्टन आणि क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमध्ये आहे. स्ट्रोक १२.२ मिमीने वाढला म्हणजे पिस्टन ६.१ मिमी जास्त वर येणार, थेट डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) बाहेर. पण ४.२ चा रॉड ४.० च्या रॉडपेक्षा ६.३५ मिमीने आखूड आहे, १५५.६ ऐवजी १४९.२. त्यामुळे ४.० च्याच उंचीचा पिस्टन डेकपाशी जवळजवळ मूळ जागी, जेमतेम पाव मिलिमीटर खाली थांबतो. हा जुगाड स्वस्तात जमतो तो एवढ्याचमुळे. ज्यांना ४.० चाच लांब रॉड ठेवायचा आहे त्यांनी गजनपिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेची) जागा वर सरकवलेले पिस्टन आधी मिळवावेत. आखूड रॉडचीही किंमत आहेच. रॉड आणि स्ट्रोकचे गुणोत्तर १.७९ वरून १.५१ वर येते, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त रेटला जातो आणि त्याचा स्कर्ट (खालचा भाग) लवकर झिजतो.

आता कॉम्प्रेशन. मूळ इंजिनात एका सिलिंडरची सीसी ६५९ आणि कॉम्प्रेशन सुमारे ८.८, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा साधारण ८४.५ सीसी. नव्या इंजिनात सिलिंडर ७६५ सीसीचा होतो. उरणारी जागा तेवढीच राहिली तर कॉम्प्रेशन दहाच्या घरात जाते. चढावर गाडी लोडखाली, पंखा हळू, पाणी तापलेले, आणि टाकीत पंपावरचे साधे पेट्रोल. नॉकिंग याच वेळी होते. ९.२ वर यायचे तर सुमारे ९३ सीसी जागा हवी, म्हणजे आठ-नऊ सीसी कुठून तरी काढावी लागते.

इथे बहुतेक जण जाड हेड गॅस्केट टाकतात. याने कागदावरचा आकडा उतरतो, पण नॉकिंग वाढू शकते. कारण पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांच्यातली फट. ती १.० ते १.२ मिमी असेल तर मिश्रण जोरात चेंबरकडे (हेडमधल्या पोकळीकडे) ढकलले जाते, घुसळते आणि चटकन जळते. फट दोन मिलिमीटरवर गेली की कडेला मिश्रण साचून राहते आणि तेच आपोआप पेटते. म्हणून फट राखावी आणि जागा पिस्टनच्या वाटीत काढावी. वाटी खोल करण्याआधी पिस्टनच्या माथ्याची जाडी मात्र मोजावी.

चेंबर मोजायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. हेड उलटे ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेले असू द्या. कडेला पातळ ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच दाबा आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या नळीतून) रंगीत रॉकेल सोडा. शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा वाचा. सहाही चेंबर मोजा, त्यांच्यात एक सीसीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

मशीनिंगची कोल्हापूरला ददात नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही गेलात तरी बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग होते. पण पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरला देऊ नये. पिस्टन मायक्रोमीटरने मोजून प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनप्रमाणे होन (आतून बारीक घासून मापात) करून घ्यावा. पिस्टनच्या रिंगांच्या टोकांमधली फट इंच बोअरला चार ते साडेचार थाऊ धरली तर इथे ०.४० ते ०.४५ मिमी येते. कमी ठेवली तर तापल्यावर रिंगेची टोके भिडतात आणि पिस्टनचा लँड (रिंगांमधला भाग) फुटतो. सहा सिलिंडरच्या क्रँकला बॅलन्सिंगसाठी बॉबवेट (पिस्टन-रॉडऐवजी लावायची वजने) लागत नाहीत, पण फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि पुढचा डॅम्पर (कंप शोषणारी चकती) सोबत द्यायलाच हवेत. पिस्टन आणि रॉड एक ग्रॅमच्या आत जुळवावेत.

मग कोरडी जोडणी. रिंगा न घालता इंजिन जोडून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या कडेला, क्रँकचे काउंटरवेट पिस्टनच्या स्कर्टला किंवा रॉड कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) कुठे दीड मिलिमीटरपेक्षा जवळ जातो का ते पाहा. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले ठेवून हेड कसा, फिरवा, उघडा आणि क्लेची जाडी मोजा. इनलेट व्हॉल्व्हखाली किमान २ मिमी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली २.५ मिमी हवी. या दिवसभराच्या कामाचे पैसे कुणी मागत नाही, म्हणून ते होतही नाही.

आरपीएमचा मोह आवरावा. ५,००० वर मूळ पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १४.५ मीटर, नव्याची १६.५ मीटर. कॅम सौम्य असावा, इंजेक्टर मिनिटाला २५० सीसीच्या आसपासचे असावेत. या इंजिनाचे टॅपेट (कॅमवर घासत चालणारे भाग) सपाट आहेत. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटे २,००० ते २,५०० आरपीएम राखा, आयडलवर सोडू नका. कॅमला तेल मिळते ते क्रँकने उडवलेले, आणि आयडलला ते पुरत नाही. या वेळी झिंक भरपूर असलेले तेल वापरा.

आता आपल्याकडच्या जिप्सीविषयी. १२९८ सीसी, बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. इथे स्ट्रोकच्या प्रत्येक मिलिमीटरला जेमतेम १७ सीसी मिळते. क्रँकचा जर्नल (रॉड बसतो तो भाग) दोन मिलिमीटर बारीक करून ऑफसेट ग्राइंड केला, म्हणजे केंद्र सरकवून घासला, तर स्ट्रोक दोन मिलिमीटर वाढतो, म्हणजे ३४ सीसी, अडीच टक्के. एवढ्यासाठी क्रँकचा कठीण थर आणि फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) घालवायचा? शिवाय आरसीवर सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि विमा कंपनीही तिथेच बोट ठेवते. जिप्सीच्या मालकाने तोच खर्च ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) गिअरवर करावा. परदेशात याच घराण्यातल्या सुझुकी समुराईची मूळ लो रेंज (चढावरचा हळू, जोरदार गिअर) २.२७ आहे, तिथे ४.१६ चा संच बसवतात. त्या रेंजमध्ये चाकावरचा टॉर्क ८३ टक्क्यांनी वाढतो, आणि इंजिनाचा एक बोल्टही सैल करावा लागत नाही.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर