बॅग घेतली, आधी पूर्ण वाचा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा "जेवलात का?" विचारून फोन ठेवला. म्हणून पत्र. मावशीकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. ती बॅग मी घेतली. लुई व्हिटाँची, स्पीडी म्हणतात ती. आई, फोटो बघून तू "आप्पांच्या औषधांच्या बॅगेसारखी आहे की" म्हणाली होतीस, तीच. दीड लाख. बाबा, चष्मा पुसू नका, बरोबर वाचलंत.

पैशाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कुणी वाचणार नाही. हप्ते नाहीत, उसनवारी नाही, कार्डावर एक रुपया बाकी नाही. आई पगाराच्या दिवशी पाकिटं करायची ना, दूध, फी, भिशी, अडीनडीला, तशी मी बँकेत वेगवेगळी खाती केलीत. त्यातल्या एका आरडीला "चैन" असं नाव दिलं होतं. महिन्याला पाच हजार, अडीच वर्षं. तेवढीच संपली. सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत आहे, तुम्हा दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता भरलाय, मोतीबिंदूचे पैसे आहेत तसेच आहेत. वरच्या खोलीच्या पत्र्याचं म्हणाल तर ते "पावसाळ्याआधी बघू" करत तुम्हीच लांबवताय, मी नाही. इन्कमटॅक्सचं बाबा विचारणारच. पॅन दोन लाखांवरच्या खरेदीला लागतं, आणि तुम्ही पेपरातून वाचून दाखवलेला तो एक टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदार बिलाबरोबरच वसूल करतो तो कर, २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या बॅगांना आहे. हो आई, तसल्याही असतात. त्या मानाने मी गरिबाघरचीच.

पण खरं सांगू? हिशेबात ती कधीच बसली होती, मनात बसत नव्हती. बीकेसीतल्या दुकानात दोनदा जाऊन हात हलवत परत आले. एक तर ती नुसती कापडाची आहे! कॅनव्हास, वर लेप दिलेला. त्यावरची फुलं नि अक्षरं १८९६ पासून तीच. हॉलिवूडच्या नटी ऑड्री हेपबर्नसाठी म्हणे १९६५ मध्ये कंपनीने लहान मापाची काढली. त्यात काय, रेशनच्या पिशव्या तूही शिंपिणीकडून आपल्या मापाच्याच शिवून घेतेस. चामडं फक्त मुठींना आणि कडांना. तिथे उभी असताना कानात बाबांचाच आवाज, "कापडाचे दीड लाख?"

मग ऑफिसातल्या एका बाईंची बारा वर्षं वापरलेली तशीच बॅग पाहिली. नवीन असताना त्या मुठी कणकेच्या रंगाच्या असतात. हाताचा घाम लागून लागून मधासारख्या होतात, मग चिंचेसारख्या. त्यांच्या मुठीवर जिथे बोटं येतात तिथे काळपट, तेलकट चकाकी होती, आणि टोकांजवळ अजून तांबूस. बाबा, तुमच्या कंडक्टरच्या बॅगेचा पट्टा अगदी अस्साच होता. खांद्यावर घासून घासून काळाभोर, खाली तांबडा. तुम्ही आंघोळीला गेलात की मी रिकाम्या बॅगेत तोंड घालून वास घ्यायचे, नाण्यांचा आणि चामड्याचा. आणि ती गळ्यात घालून, गुडघ्यापर्यंत लोंबत असताना, उशांना "पुढं सरका, पुढं सरका" ओरडायचे. रिटायर होताना ती जमा करून आलात त्या संध्याकाळी चहासुद्धा घेतला नव्हतात.

त्यासाठी दीड लाख घातले असं मात्र लिहिणार नाही. आवडली म्हणून घेतली. हे कारण मागाहून सापडलं.

आई, पैसे देताना तुझी पर्स आठवली, चेनला सेफ्टीपिन लावलेली. डोळ्यांत पाणी आलं, दुकानातल्या मुलीला वाटलं आनंदाने. तुला विचारलं की "आता आमचं काय राहिलंय" म्हणतेस. तर विचारत नाही. साधीच आणतेय, आत दोन कप्पे, चष्म्याला वेगळा. नको म्हणायचं नाही आणि सुनंदाकाकूंना देऊन टाकायची नाही. त्या निळ्या दप्तराच्या वेळी तू काय विकलं होतंस ते मला माहीत आहे. कळत होतं तेव्हाही.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. डोळ्यांची तारीख या वेळी पुढे ढकललीत तर मी तिथे येऊन बसेन. बाथरूममधली रबरी मॅट धुऊन दोरीवर वाळत घालून ठेवायची नसते, आई, ती खाली अंथरायची असते. गॅसचा नॉब झोपताना बाबांनी बघायचा. रागावून नाही सांगत. इथे रात्री दोनला जाग आली की हेच डोक्यात येतं.

शुक्रवारी महालक्ष्मीने निघतेय, बॅग घेऊन. पावसाचे थेंब पडले की त्या मुठींवर डाग पडतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणणार, हसू नका. आई, तिला खोबरेल लावायचं नाही आणि तिच्यात परतीचे लाडूही भरायचे नाहीत. बाबा, तुम्ही मात्र ती हातात धरून बघायची, हात न धुता.

मिरज स्टेशनवर पहाटे घ्यायला येऊ नका. रिक्षा मिळते.

तुमची,
छबू