जाहिरातीत काम करणाऱ्या नटाचा करार कागदावर आणा: कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

हे पत्र जाहिरातीतल्या नामवंत ताऱ्यांसाठी नाही. त्यांचे वकील आणि व्यवस्थापक त्यांच्यासाठी समर्थ आहेत. मी लिहिते आहे ते बाकीच्यांसाठी: डिटर्जंटच्या जाहिरातीतली सासू, विम्याच्या जाहिरातीतला निवृत्त मास्तर, चहाचा ट्रे घेऊन येणारी वहिनी. यातले पुष्कळजण मराठी नाटकातून आलेले असतात. प्रयोगाच्या नाईटवर, म्हणजे एका प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, मुंबईत घर चालत नाही, म्हणून ते जाहिराती करतात. मीही त्यांच्यातलीच एक.

काम मिळतं कसं, हे आधी सांगायला हवं. वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या बंगल्यांत आणि यारी रोडच्या गाळ्यांत ऑडिशनं होतात. निरोप येतो व्हॉट्सॲपवर: वय, पेहराव, पत्ता. दारातच कुणीतरी चेहरा बघून ‘नॉट फिट’ म्हणतो आणि दीड तासाचा लोकलप्रवास तिथेच संपतो. आत गेलात तर कॅमेऱ्यासमोर नाव, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल आणि दोन ओळींचा प्रसंग. याचे पैसे मिळत नाहीत. ते कुणी मागतही नाही, तो या धंद्याचा भागच आहे. पुढे फोन येतो की शॉर्टलिस्ट झालात, अमुक तीन तारखा होल्डवर ठेवा. त्या तारखांना दुसरं काम घ्यायचं नाही. काम दुसऱ्याला गेलं तर कळवायची पद्धत नाही आणि अडकवलेल्या तारखांची भरपाई मिळत नाही.

काम मिळालं की खरा प्रश्न सुरू होतो. रक्कम ठरते ती फोनवर, कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे काम जुळवून देणाऱ्या मध्यस्थाच्या, तोंडून. पैसे ‘नाइंटी डेज’नंतर, हेही तोंडीच. हे नव्वद दिवस कधीपासून मोजायचे? शूटिंगपासून, बिल दिल्यापासून की जाहिरात प्रसारित झाल्यापासून? ज्याने पैसे द्यायचे असतात, तोच ते ठरवतो. कंपनी जाहिरात संस्थेला पैसे देते, संस्था निर्मात्याला, निर्माता कलाकार निवडणाऱ्या कास्टिंगवाल्याला, तो कोऑर्डिनेटरला आणि कोऑर्डिनेटर आपलं कमिशन कापून आम्हाला. या साखळीत कुठेही पैसा अडला तरी थांबावं लागतं शेवटच्या माणसाला. माझ्या एका कामाचा टीडीएस कापून सरकारजमा झाल्याची नोंद आयकर खात्याच्या पोर्टलवर आली. म्हणजे माझी रक्कम कुणीतरी हिशेबात धरली होती. ती हातात पडायला मात्र आणखी कित्येक महिने गेले. विचारायला गेले तर प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवलं. फार विचारलं की पुढच्या ऑडिशनचा निरोप येत नाही, ही भीती प्रत्येकाला असते आणि ती खोटी नाही.

करार असतोच, असं कुणी म्हणेल. तो सेटवर येतो, मेकअप चालू असताना, इंग्रजीत. जाहिरात कायमस्वरूपी, जगभर आणि सर्व माध्यमांत वापरता येईल, असं त्यात बऱ्याचदा असतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचं हस्तांतर पाच वर्षांपुरतंच धरावं, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं आणि ते कलाकाराच्या हक्कांनाही लागू आहे. पण ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली सही झाली की तो आधार गेला. एका दिवसाच्या मानधनात चेहरा आयुष्यभरासाठी जातो. वर त्या चेहऱ्यामुळे दुसऱ्या साबणाची किंवा दुसऱ्या बँकेची जाहिरात मिळत नाही, कारण लोक आम्हाला आधीच्या मालासोबत ओळखतात. आता संगणकावर त्याच चेहऱ्याकडून नवी वाक्यं बोलवून घेता येतात, तेव्हा हा शब्द आणखी महाग पडणार आहे.

मंत्रिमहोदय, दूरदर्शनवर जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या. सिने कामगारांसाठी १९८१ चा कायदा आला, पण तो कथाचित्रपटांपुरताच होता. जाहिरातीतला नट त्याच्या बाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही उणीव भरून काढली आहे. दृकश्राव्य जाहिरात तिथे स्पष्ट शब्दांत आली आहे, नट हा दृकश्राव्य कामगार ठरला आहे आणि लेखी करार केल्याशिवाय, तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवल्याशिवाय त्याला कामावर घेता येणार नाही, असं कलम ६६ म्हणतं. किती मानधनापर्यंतच्या कलाकाराला हे लागू, ती मर्यादा ठरवणं केंद्राच्या हाती आहे. पण हा सक्षम अधिकारी कोण, नोंदणी कशी आणि तपासणी कोण करणार, हे राज्याच्या हाती आहे. देशातल्या जाहिरातींचं केंद्र मुंबई आहे. महाराष्ट्राने हे मनावर घेतलं नाही तर कलम पुस्तकातच राहील.

म्हणून मागते. अंधेरी परिसरात या नोंदणीसाठी एक अधिकारी नेमा आणि नोंदणी मोबाइलवरून होऊ द्या, कारण काम आज ठरतं आणि परवा शूटिंग असतं. कराराचा नमुना मराठी आणि हिंदीतही असावा आणि तो शूटिंगच्या आदल्या दिवशी हाती यावा. त्यात रक्कम, कमिशन, पैसे देण्याची तारीख आणि जाहिरात किती वर्षं, कुठे चालणार हे भरल्याशिवाय नोंदणी होऊ नये. संगणकाने चेहरा किंवा आवाज तयार करायचा असेल तर त्याची परवानगी आणि मोबदला वेगळा असावा. लहान पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा देशात २००६ पासून आहे. नटाला त्याहून जास्त थांबायला लावण्याचं कारण मला दिसत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर नियम २०१७ पासून तयार आहेत: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. बिस्किटांच्या जाहिरातीत रात्री उशिरापर्यंत जागं ठेवलेलं पोर मी पाहिलं आहे. आपले निरीक्षक त्या सेटवर गेले पाहिजेत, तेही न कळवता.

आणखी एक गोष्ट आपल्याला ताबडतोब करता येईल. राज्य सरकार स्वतः मोठा जाहिरातदार आहे. योजनांच्या जाहिरातींत शेतकरी, लाभार्थी, विद्यार्थी म्हणून आम्हीच उभे असतो. सरकारी जाहिरात बनवणाऱ्या संस्थेचं अंतिम बिल, प्रत्येक कलाकाराला पैसे पोचल्याची बँकेची नोंद जोडल्याशिवाय मंजूर करू नये, अशी अट निविदेत घाला. मुख्यमंत्री आणि माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे हा विषय आपणच नेऊ शकता.

सिन्टासारख्या सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटना तक्रारी घेतात, पण हातात कागद नसला की त्यांचंही बळ कमी पडतं. नियमांवर चर्चा होईल तेव्हा त्यांच्यासोबत रोजच्या ऑडिशनला उभे राहणारे चार कलाकारही बोलवा, एवढी विनंती. आम्ही येऊ.

आपली,
जाहिरातींत काम करणारी एक मराठी अभिनेत्री
अंधेरी, मुंबई