आजी, इथलं काही पुसायचं नाहीये ना?

रंगवाल्या पोरी,

तू नाव सांगितलं होतं पहिल्या दिवशी, पण आईने चार दिवस तुला रंगवालीच म्हटलं आणि माझ्याही तोंडात तेच बसलं, तर राग मानू नको. तुला आणि तुझ्यासोबतच्या त्या दोन पोरांना थँक्यू म्हणायचं राहून गेलं. तुम्ही शिडी घेऊन निघालात तेव्हा मी दुकानात होतो. घरी आलो, भिंत बघितली आणि खरं सांगतो, जेवण गेलं नाही.

आधीचं सांगतो म्हणजे कळेल. नाशकातल्या भांडी बाजाराकडून गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे उतरणारी आमची गल्ली, पूर आला की पाणी पहिलं आमच्याकडे. ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर आजोबांनी 1969 च्या पुराची रेघ खिळ्याने कोरली होती, बाजूला साल. 2008 ला बाबांनी त्याच खिळ्याने दुसरी कोरली, पहिलीच्या वीतभर खाली. 2019 ला बाबांचे गुडघे गेले होते, ते काठीने दाखवत होते आणि मी मार्करने रेघ मारली. नंतर कोरू म्हटलं. नंतर बाबाच गेले.

मग दोनेक वर्षांपूर्वी सुशोभीकरणवाले आले. कोणी पाठवले, कोणाचं टेंडर, जाऊ दे, मला नाव घ्यायचं नाही. आई दुपारची झोपली होती, उठेपर्यंत भिंतीला दोन हात मारून मोकळे, वर साच्याने एक पोपट आणि 'सुदंर नाशिक'. हो, सुदंर. मी तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणतात अहो फुकट रंग मिळाला तुम्हाला. ओल्या भिंतीवर मारलेला रंग तो, पहिल्याच पावसाळ्यात पोपटाचे पोपडे आमच्या ओट्यावर.

त्यामुळे तुम्ही आलात तेव्हा मी जरा तुसडाच बोललो, माहितीये मला. २०२७ चा सिंहस्थ आला म्हणून परत कोणीतरी रंग फासायला आलं असंच वाटलं, तुम्ही आपल्याच नाशकातली पोरं आणि स्वतःच्या हौसेने करताय हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण तू माझ्याशी वाद घातलाच नाहीस. ओट्यावर आईच्या शेजारी बसलीस आणि विचारलंस, "आजी, इथलं काही पुसायचं नाहीये ना?"

बास. एवढंच वाक्य. आई दोन मिनिटं गप्प होती आणि मग रडायलाच लागली, आणि तू घाबरलीस की आपण काय बोलून बसलो.

त्यानंतरचं माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. पट्टीने तो पोपट खरवडला, खालचा थर आला तशी पट्टी ठेवून दिलीस आणि पिशवीतून जुना टूथब्रश काढलास. पाणी लावायचं, हळू घासायचं, फुंकायचं. आई शेजारी उभी राहून जरा वर, अजून जरा वर. आधी नऊचं शेपूट दिसलं, मग सहा, मग अख्खी रेघ. आईने त्या खाचेत बोट घातलं आणि इकडून तिकडे फिरवलं, आणि तू ब्रश हातात धरून तशीच थांबलीस, घाई केली नाहीस. उन्हात, दीड वाजता.

चित्र भारीच झालंय, ते वेगळं सांगायला नको. नदीतला दुतोंड्या मारुती, ज्याच्या अंगावर पाणी कुठवर चढलं त्यावरून आपण पूर मोजतो, मागे नारोशंकराच्या देवळाची घंटा, आणि कोपऱ्यात रंगपंचमीच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात धप्पा मारणारी पोरं, त्यातलं एक तर सेम आमच्या शेजारच्या पोरासारखं दिसतं, तो रोज मित्रांना आणून दाखवतो. पण मारुतीच्या अंगावर चढलेलं पाणी तू बरोब्बर आजोबांच्या रेघेला आणून थांबवलंस. त्यासाठी अख्खा मारुती हातभर वर सरकवावा लागला म्हणे, तुझाच मित्र सांगत होता, जरा वैतागूनच. त्यालाही थँक्यू.

आमचा गॅसवाला आहे एक, खांद्यावर सिलेंडर असला तरी उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो. कोणी सांगितलेलं नाही त्याला. असली माणसं भेटली की दिवसभर बरं वाटतं, आणि नेमकी हीच माणसं कुठल्या खुर्चीत बसलेली दिसत नाहीत, हे काय गणित आहे कळत नाही. असो.

आता एक काम बाकी आहे. २०१९ ची रेघ. माझी मार्करची ती गेली, ती टूथब्रशने येणार नाही. पण पाणी कुठवर होतं ते आईला पक्कं आठवतंय, दाराच्या कडीच्या चार बोटं खाली, आणि परवा देवघराच्या खणात बाबांचा खिळा सापडला. गंजलाय पण टोक शाबूत आहे. तुझ्या चित्राला खिळा लावायची माझी हिंमत होत नाही. तर एखाद्या रविवारी सकाळी ये, त्या दोघांनाही आण. आई म्हणते मी बोटाने दाखवीन, कोरायचं रंगवालीने.