चुरशीचे सामने हवे असतील, तर तारीख आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा निकाल वर्तमानपत्रात दोन ओळींत येतो. अमुक महाविद्यालयाने तमुक महाविद्यालयाला २-१ असे नमवले, बस्स. नागपुरात हा खेळ जीव लावून बघणाऱ्यांना सामना झाल्याचे बहुतेक वेळा या दोन ओळींतूनच कळते. सामना कोणत्या मैदानावर आहे, किती वाजता आहे, हे आदल्या दिवशी फक्त दोन संघांना आणि त्यांच्या क्रीडा संचालकांना ठाऊक असते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली वेळ खरी धरून कोणी रविनगरच्या मैदानावर पोहोचावे, तर सामना सकाळीच उरकलेला असतो किंवा दुसरीकडे हलवलेला असतो. कामठीहून १५ किलोमीटर गाडी हाणत आलेल्या पोरांनी मग कोणावर राग काढायचा?

कामठी आणि नागपूर ही जोडी उगाच घेतलेली नाही. १८२१ मध्ये कामठीला छावणी वसली आणि तिथल्या मोहल्ल्यांत फुटबॉल मुरला तो आजतागायत. कामठीच्या पोरांचा भरणा असलेला संघ शहरातल्या महाविद्यालयासमोर उभा राहिला की कडेला गर्दी जमते, ती कोणी बोलावून आणलेली नसते. पण हे दोन संघ यंदा भेटतील की नाही, हे चिठ्ठ्यांवर अवलंबून. स्पर्धा बाद पद्धतीची, त्यामुळे दोघे पहिल्याच फेरीत भिडू शकतात किंवा एक जण दुसऱ्याशी गाठ पडण्याआधीच घरी जाऊ शकतो.

ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या, काढण्याची रीत शारीरिक शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. समजा २२ संघ आहेत. २, ४, ८, १६, ३२ अशी दुप्पट होत जाणारी, २२ च्या पुढची संख्या ३२, म्हणून ३२ वजा २२ म्हणजे १० संघांना बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसरी. पहिल्या फेरीत उरलेल्या १२ संघांचे ६ सामने, दुसऱ्या फेरीत बरोबर १६ संघ, आणि स्पर्धेत एकूण २१ सामने. इथवर कोणी चुकत नाही. घोळ होतो तो मानांकनात. गेल्या वर्षीचे उपांत्य फेरीतले चार संघ तक्त्याच्या चार वेगवेगळ्या चतुर्थांशांत बसवायला हवेत, म्हणजे ते उपांत्य फेरीआधी एकमेकांना भेटणारच नाहीत. मानांकन न करता सगळ्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकल्या की दोन तगडे संघ पहिल्या दिवशी सकाळी नऊला रिकाम्या मैदानावर खेळून मोकळे होतात आणि अंतिम सामना एकतर्फी होतो. ड्रॉ चार लोकांसमोर काढून त्याच संध्याकाळी जाहीर केला, तर ही चूक मैदानावर येण्याआधीच कोणाच्या तरी नजरेस पडेल.

याहून बरा मार्ग आहे. शेवटच्या चार संघांची साखळी खेळवावी. चार संघांचे ६ सामने होतात, रोज दोन धरले तर तीन दिवस, आणि मधे एकेक दिवस विश्रांती दिली तर पाच दिवसांत सगळे आटोपते. चौघेही एकमेकांशी खेळतातच. बरोबरी झाली तर प्रत्येकी एक गुण, जादा वेळ नाही, टायब्रेकर (पेनल्टी मारून निकाल) नाही. एका वाईट दुपारीमुळे वर्षभराची मेहनत वाया जात नाही. विद्यापीठाचा संघ निवडणाऱ्यांनाही प्रत्येक खेळाडू तीनदा बघायला मिळतो. खरी अडचण अशी की स्पर्धा ही निवड चाचणीची पूर्वतयारी समजून घाईने उरकली जाते. एका संघाला दिवसात दोन सामने खेळायला लावतात, वेळ कापून २५-२५ मिनिटांचे हाफ करतात. हाफ कमी करायचे तर ते स्पर्धेच्या नियमांत आधी लिहिलेले हवे आणि सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांना मान्य हवे. मध्यंतरात येऊन वेळ कापता येत नाही.

वेळेचे गणित मात्र कोणीच करत नाही. नोव्हेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि सहाच्या आत चेंडू दिसेनासा होतो. पत्रिकेत ‘दुपारी ४’ लिहिलेला सामना पाहुण्यांची ओळख आणि हस्तांदोलन होऊन सव्वाचारला सुरू होतो. पाचला पहिला हाफ संपतो, १५ मिनिटे मध्यंतर, दुसरा हाफ सव्वापाच ते सहा. म्हणजे सामन्याचा सर्वांत तापलेला भाग, शेवटची वीस मिनिटे, अंधारात. गोलरक्षकाला लांबून मारलेला फटका दिसत नाही, लाइन्समनला ऑफसाइड दिसत नाही, आणि बरोबरी झाली तर जादा वेळ न खेळवता थेट टायब्रेकर. भांडणे इथेच लागतात. बाद फेरीचा सामना अडीचला सुरू करावा. चार वीसपर्यंत नियमित वेळ, पाचपर्यंत जादा वेळ, सव्वापाचला टायब्रेकर संपलेला, तोही उजेडात. अडीचच्या उन्हाचा त्रास होत असेल तर प्रत्येक हाफच्या मध्यावर पाणी प्यायला एक मिनिट थांबण्याची मुभा नियमांतच आहे.

मैदान आखण्याबद्दलही सांगायला हवे, कारण कडेला उभ्या असलेल्यांचा निम्मा संताप तिथून येतो. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानावर सगळ्या रेघा मिळून जवळपास ७०० मीटर फक्की, म्हणजे रेघांची पांढरी भुकटी, मारावी लागते. हे काम सामन्याच्या सकाळी घाईत, नजरेच्या अंदाजाने होते. कोपरा काटकोनात नसला की पूर्ण मैदान तिरके जाते, पेनल्टी बॉक्स एका बाजूला फुगतो, आणि तिरक्या रेघांच्या आधाराने ऑफसाइड ठरवणाऱ्या लाइन्समनला दोन्हीकडून शिव्या बसतात. उपाय दोरीचा आहे. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजायचे आणि त्या दोन टोकांतले अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत दोरी सरकवायची. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजायचे. १०० बाय ६४ ला दोन्ही कर्ण ११८.७ मीटर यायला हवेत. एक जास्त, एक कमी आला तर फक्की मारायचीच नाही, खुंट्या हलवायच्या. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर, पावलांनी नव्हे, टेपने. आणि फक्कीसाठी चुना नको, खडूची भुकटी हवी. चुन्याची भुकटी, कळीची असो वा विझवलेली, घसरून पडलेल्या पोराच्या डोळ्यांत किंवा खरचटलेल्या गुडघ्यात गेली तर ती भाजते. आपल्या काळ्या मातीला दिवाळीनंतर भेगा पडू लागतात, त्याही आदल्या दिवशी माती टाकून, पाणी मारून बुजवाव्या लागतात. घोटा मुरगळण्याचे निम्मे कारण या भेगा आहेत.

दोन्ही संघ निळ्या जर्सीत उतरतात, हा दुसरा वैताग. नियमानुसार दोन संघांचे रंग वेगळे हवेत, गोलरक्षकाचा त्याहून वेगळा हवा. आयोजकांनी जर्सीवरून घालायच्या एका रंगाच्या १५ बिब जवळ ठेवल्या तर प्रश्न मिटतो. त्याहून मोठा प्रश्न झेंडा धरणाऱ्याचा. रेफ्री बाहेरचा असतो, पण लाइनवर बऱ्याचदा खेळणाऱ्या महाविद्यालयातलाच विद्यार्थी उभा करतात. तो प्रामाणिक असला तरी समोरच्या संघाचे समर्थक त्याला प्रामाणिक मानणार नाहीत, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही. त्या दिवशी सामना नसलेल्या तिसऱ्या महाविद्यालयाचे दोन जण लाइनवर ठेवावेत.

पात्रतेचे वाद तर सामना संपल्यावर उकरले जातात. मैदानावर जिंकलेला संघ दोन दिवसांनी बाद ठरतो, कारण एक खेळाडू त्या महाविद्यालयाचा नव्हताच. ज्यांनी तो विजय डोळ्यांनी पाहिला, त्यांनी काय करायचे? ओळखपत्र, पात्रता अर्जावरचा फोटो आणि चेहरा, हे तिन्ही सामन्याआधी अर्धा तास टेबलावर दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांसमोर तपासावे आणि आक्षेप तिथेच लेखी घ्यावा. तपासलेली यादी जर्सी क्रमांकासह एका कागदावर लिहून मैदानाजवळ लावावी. प्रेक्षकांनाही कळेल की ९ नंबरचा पोरगा कोण आहे. नियमानुसार सात खेळाडूंशिवाय सामना सुरू होत नाही, आणि हिवाळी परीक्षेच्या पेपरमुळे सात जमत नाहीत म्हणून समोरच्या संघाला न खेळताच ‘पुढे चाल’ देण्याची पाळी येते. स्पर्धेचे वेळापत्रक ठरवताना परीक्षेचे वेळापत्रक शेजारी ठेवले तर यातले बरेच टळेल.

गर्दीचे काय, असे विचारले जाते. गर्दी रेघेवर येऊन उभी राहते, कारण तिला कोणी दुसरी जागा दाखवलेली नसते. दोन्ही लांब बाजूंना रेघेपासून ३ मीटर सोडून दोरी बांधावी. मैदानाचे १०० मीटर आणि दोन्ही टोकांना ३-३ मीटर धरून १०६ मीटरच्या दोन बाजू, म्हणजे २१२ मीटर दोरी आणि साधारण दर ५ मीटरला एक धरून ४४ बांबू. गोलपोस्टच्या मागे कोणी नको. एका बाजूला एका महाविद्यालयाचे लोक, समोर दुसऱ्याचे, आणि ढोल-ताशे फक्त खेळ थांबलेला असताना. इतके केले तर घोषणा कितीही झाल्या तरी हाणामारी होत नाही.

अमेरिकेत महाविद्यालयांचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा वेगळाच खेळ. पण तिथे हार्वर्ड आणि येल १८७५ पासून, लष्कर आणि नौदलाच्या अकादमी १८९० पासून भिडत आल्या आहेत, आणि समर्थकांना सामन्याची तारीख कितीतरी आधी ठाऊक असते. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा १८९४ पासूनचा सामना २०११ नंतर बंद पडला, कारण टेक्सास ए अँड एम दुसऱ्या गटात गेले. २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मधली वर्षे तिथल्या समर्थकांनी फार मनाला लावून घेतली होती. आपल्याकडे तर चिठ्ठीच्या मर्जीने दरवर्षीच हे होते.

म्हणून आमची मागणी अशी की स्पर्धेबाहेर, परंपरेने चुरस असलेल्या दोन महाविद्यालयांनी आपसांत वर्षातून एक सामना ठरवावा, कायमच्या तारखेला. जानेवारीतला तिसरा शनिवार आम्हाला योग्य वाटतो. हिवाळी परीक्षा बहुतेक संपलेल्या असतात, जमीन कोरडी असते, २६ जानेवारीची तयारी अजून लागलेली नसते, आणि हा शनिवार नेहमी १५ ते २१ च्या दरम्यान येतो, म्हणजे संक्रांत बहुतेक वेळा होऊन गेलेली असते. सामन्याच्या सकाळी मात्र मैदानावर ओळीने चालून मांजा वेचावा लागेल. नायलॉनचा मांजा गवतात दिसत नाही आणि धावत्या पायाला घोट्याशी कापतो. झाडावरून मैदानावर लोंबणारा मांजाही काढायला हवा. एक वर्ष एका महाविद्यालयाने यजमान व्हावे, पुढल्या वर्षी दुसऱ्याने.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक मागणे आहे. स्पर्धेच्या काळात ‘आजचे सामने’ म्हणून चार ओळींची चौकट द्या: मैदान, वेळ, संघ. निकालात गोल कोणी केला आणि कितव्या मिनिटाला, हे द्या. आयोजकांनी सामना संपल्यावर रेफ्रीच्या अहवालाचा फोटो क्रीडा विभागाकडे संध्याकाळी सातपर्यंत पाठवला, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात तो बसतो. त्या अहवालात गोल, मिनिट, पिवळे-लाल कार्ड, सगळे असते. फक्त नावे सुवाच्य अक्षरांत, जर्सी क्रमांकासह लिहायला सांगा.

आपले,
महाविद्यालयीन फुटबॉलचे नियमित प्रेक्षक,
नागपूर